आधी ठाणेदार बसू द्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप झटकली जातात. त्या बोटांत तेव्हा आगपेटीची काडी होती. ती पेटली असती तर अकोल्याच्या पोलीस दलाला एक ठाणेदार कमी पडला असता. दलाचं फारसं नुकसान झालं नसतं असं माझे वरिष्ठ म्हणत, पण माझं झालं असतं.

काळ एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटाचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती आणि त्यामुळे आम्हा पोलिसांना दारूखेरीज दुसरं काही दिसत नसे. मोहफुलाची हातभट्टी कुठे शिजते, कोणत्या विहिरीत मडकी सोडलेली असतात, यात आमची हयात जाई. माझं नाक या कामात प्रसिद्ध होतं, निदान मी तसं समजत होतो.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी लिहीत बसलो होतो. एक टांगेवाला आला. गावाबाहेरच्या विमानाच्या मैदानावर तो गिऱ्हाइकं पोचवत असे. आमच्याकडे खबर आणणाऱ्यांत हा बऱ्यापैकी खरा माणूस होता. दहा बातम्यांपैकी चार तरी घडलेल्या असत.

"साहेब, इमान कंपनीच्या गोदामात टिनाचे डबे उतरून राहिले," तो म्हणाला. "पोत्यानं झाकून आनतात."

"मग? विमानाला तेल लागत नाही का?"

"तेलाचे मोठे पिंपं आगगाडीनं येतात, त्यावर कंपनीचं सील असते. हे डबे बैलगाडीत येतात. साहेब, तुमीच सांगा, अकोल्याहून मुंबईले इतक्या कमी पैशात मानूस उडवतात, त्यायले परवडते कसं? माया टांग्याचं भाडं देतानी लोकं रडतात, अन् इमानाचं तिकीट हासत काढतात. कुठंतरी दुसरीकडं कमाई असनच ना!"

हा हिशेब मला तिथल्या तिथे पटला. त्या कंपनीबद्दल सारा जिल्हा बोलत होता. एक छोटं दोन इंजिनांचं विमान, आठ प्रवाशांचं. मालक अमरावतीचे एक जिनिंगवाले शेठ. कापसात कमावलं आणि आकाशात घालायला निघाले. नागपूरच्या दुसऱ्या एका कंपनीने भाडं उतरवलं, तर यांनी त्याहून उतरवलं. त्यांनी पुन्हा उतरवलं, यांनी पुन्हा. शेवटी तिकीट आगगाडीच्या वरच्या वर्गाच्या जवळ येऊन टेकलं. इकडे पेट्रोल दर खेपेला चढत होतं. शेठ विमान चालवतात की अन्नछत्र, अशी चेष्टा चाले.

मी अनुमान काढलं: विमानातून दारू जाते. मुंबईतही दारूबंदी. मोहाची दारू आकाशमार्गे मुंबईला! मला माझ्या छातीवर पदक दिसू लागलं.

हवालदाराला घेऊन मी दुपारी मैदानावर गेलो. मैदान म्हणजे काय, रोलर फिरवलेली मुरमाची लांब पट्टी, कडेने चुना मारलेले दगड, एक पत्र्याचं ऑफिस, मागे गोदाम. गोदामावर पहारेकरी होता, सैन्यातून निवृत्त झालेला उंच, ताठ माणूस. त्याने "जय भीम, साहेब" म्हणून सलाम केला आणि चावी मॅनेजरसाहेबांकडे असल्याचं सांगितलं. मॅनेजर जेवायला गेले होते. मी म्हटलं, पोलिसाला चावी लागत नाही. कडी सैल होती, ती उचकटली.

आत पिंपं होती. काही सीलबंद, दोन उघडी, एकावर हातपंप बसवलेला. कोपऱ्यात टिनाचे रिकामे डबे. मी पंपाचा दांडा दाबला, ओंजळीत थोडं घेतलं. उग्र वास. हवालदार म्हणाला, "साहेब, पयल्या धारेची दिसते." त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि बाहेर जाऊन थुंकत बसला. तरी माझं डोकं चालेना.

आता दारू ओळखायची आमची एक पद्धत होती. चिंधी भिजवायची आणि काडी लावायची. निळी ज्योत आली की माल अस्सल, पंचनाम्यात तसं लिहायचं. शेकडो वेळा केलेलं काम. मी चिंधी भिजवली, आगपेटी काढली, काडी घासायला हात उचलला. भोवती पेट्रोलची पिंपं, आणि मी!

"मरता काय साहेब!" म्हणून पहारेकऱ्याने माझं मनगट असं पकडलं की काडी खाली पडली. झटापटीत माझा धक्का पंपाला लागला आणि पेट्रोलचा एक फवारा माझ्या सदऱ्यावर बसला. तेवढ्यात मॅनेजर आले.

मॅनेजर शहरी, इस्त्रीचे, गोड बोलणारे. आधी एका सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे प्रवासी बसच्या, कंपनीत होते, तिथून शेठनी उचललेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "झडतीचं वॉरंट?" नव्हतं. "तक्रार?" टांगेवाल्याचं नाव सांगणार नव्हतो. "ते डबे?" मी विचारलं. "इंजिन धुवायला रॉकेल लागतं," ते म्हणाले. मला ते पटलं. माझ्या डोक्यात दारू होती. दारू नाही म्हटल्यावर डोकं रिकामं झालं.

संध्याकाळी डीएसपी साहेबांनी बोलावलं. शेठचा अमरावतीहून फोन आला होता.

"दारू शोधायला गेलात आणि पेट्रोल पेटवत होतात?"

"हो साहेब. म्हणजे, नाही साहेब. पेटलं नाही."

"ते पेट्रोलचं सुदैव. त्या मैदानावर पोलीस म्हणून पुन्हा पाऊल ठेवाल तर बदलीचा हुकूम दुसऱ्या दिवशी हातात पडेल."

ठाण्यात ही बातमी माझ्या आधी पोचली. लॉकअपमधला एक खिसेकापू गजाआडून म्हणाला, "साहेब, बिडीले काडी भेटन काय? तुमची उरली असन तर." हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. अजूनही त्याच्या तोंडाचा वास गेला नव्हता.

आता जे झालं त्याचं श्रेय माझ्या नाकाला नाही. माझ्या सौभाग्यवतीला लोकरीच्या कपड्यांवरचे तेलाचे डाग काढायला मी अधूनमधून सरकारी जीपच्या चालकाकडून चमचाभर पेट्रोल मागून आणत असे. पेट्रोल चोळलं की डाग जातो आणि वास वाऱ्यावर उडून जातो, हे तिला ठाऊक होतं. त्या रात्री सदरा तिने वाऱ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो, ती सदरा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काहो, हे पेट्रोल म्हनता तुमी?"

"विमानाचं आहे. एकदम उंची."

"उंची कायचं! पेट्रोलनं डाग निंगते. यानं तर डागच पाडला. अन् रातभर वाऱ्यावर होता, तरी स्टोव्हचा वास येऊन राहिला. घ्या, हुंगून पाहा."

मी हुंगलं. छातीवर तळहाताएवढा तेलकट डाग, आणि वास रॉकेलचा. ओंजळीत घेतलं होतं ते त्याच पिंपातलं, ज्यावर पंप बसवला होता. म्हणजे जे विमानात जात होतं ते. इंजिन धुवायचे डबे कोपऱ्यात रिकामे होते आणि त्यातलं रॉकेल पिंपात होतं.

चहा तसाच राहिला. त्या दिवशी विमान होतं. आठवड्यातून दोनदाच जाई, सकाळी. माझ्या हातात पुरावा काय, तर एक मळका सदरा. रासायनिक तपासणीला नमुना पाठवला तर उत्तर यायला पावसाळा उजाडला असता. डीएसपी साहेब दौऱ्यावर. आणि मैदानावर पोलीस म्हणून पाऊल ठेवायची बंदी.

पोलीस म्हणून. मी साधा कोट घातला, सदऱ्याची घडी बगलेत मारली, हवालदाराला साध्या वेषात मागून यायला सांगितलं, आणि त्याच टांगेवाल्याच्या टांग्यात बसलो.

"कुठं साहेब?"

"मुंबईला."

त्याने घोडा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी? इमानानं? कायले?"

"स्वस्त आहे म्हणून," मी म्हटलं.

ऑफिसात प्रवाशांचं वजन चाललं होतं. शेठनी जिनिंगमधला कापूस तोलायचा काटा इथे आणून ठेवला होता. त्यावर माणूस उभं करायचं, मग त्याचं सामान. माझ्यापुढे शेंदूरजनाघाटची एक आजी होती, नऊवारी, कपाळाला गोंदण, सोबत संत्र्यांची टोपली. घरचे बगीचे असलेली बाई. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होती. मुलाचं मुंबईच्या दवाखान्यात त्याच दिवशी संध्याकाळी पोटाचं ऑपरेशन होतं आणि तार आदल्या दुपारी मिळाली होती. आगगाडीने पोचली असती, पण ऑपरेशन झाल्यावर.

"त्यानं म्हटलं, आई आल्याबिगर टेबलावर जात नाई," ती मला सांगू लागली. "इमान नसतं तर काय केलं असतं बाबू? भलं हो त्या शेठचं."

माझा संशय खोटा निघाला आणि विमान अडकलं, तर या बाईची भेट चुकणार. खरा असूनही मी गप्प बसलो, तर हिचा मुलगाच हिची वाट पाहत राहणार.

मी तिकीट काढलं. एक जागा रिकामी होती. मॅनेजरनी पैसे घेतले आणि हसले. "ठाणेदारसाहेब, आज विमानात दारू शोधणार?"

"छे, आज हवा खाणार." मी सदऱ्याची घडी टेबलावर उलगडली. "याचा वास घ्या जरा."

त्यांनी घेतला नाही. पण हसू गेलं.

"पेट्रोलचाच आहे," ते म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. तुम्हीही चला. वैमानिकाच्या मागे तुमच्या माणसाची एक घडी घालायची बैठक आहे ना? या आमच्यासोबत मुंबईपर्यंत. माझा गैरसमज कायमचा जाईल, मी डीएसपी साहेबांसमोर तुमची माफी मागेन."

चौकशीचे अनेक प्रकार मी वापरले आहेत, हा मला तिथेच सुचला. माझा कयास होता की माणूस ऑफिसच्या दारातच गळेल. तो गळला नाही. त्याने टाय नीट केला आणि म्हणाला, "चला."

मग वाटलं, शिडीपाशी गळेल. तिथेही नाही. आत जाऊन तो घडीच्या बैठकीवर बसला, पट्टा आवळला. मी त्याच्या मागच्या खुर्चीत. शेजारी आजी, मांडीवर टोपली. दार लागलं. वैमानिकाने, म्हणजे कॅप्टनने, आधी डावं इंजिन सुरू केलं, मग उजवं. विमान थरथरू लागलं. कॅप्टन बाहेरगावचा, हसतमुख माणूस. त्याला आम्हा दोघांतलं काहीच ठाऊक नव्हतं.

माझी पद्धत अशी होती की खोटं बोलणारा आधी डोळे चुकवतो. हा मागे वळून बघे, पण डोळे चुकवत नव्हता. मला वाटू लागलं, आपण पुन्हा चुकलो. आणि लगेच वाटलं, चुकलो नसलो तर? त्याने माझ्याकडे पाहून ठरवलं होतं की हा ठाणेदार घाबरून उतरेल. मी त्याच्याकडे पाहून ठरवलं होतं की हा उतरेल. दोघेही दुसऱ्याची वाट पाहत बसलो आणि विमान पट्टीच्या टोकाकडे चाललं.

टोकाला जाऊन ते वळलं. कॅप्टनने ब्रेक धरून इंजिनांचा जोर वाढवला. पत्रे खडखडले, टोपलीतली संत्री उसळली. आणि त्या आवाजात एक दुसरा आवाज मिसळला, ठक ठक, जणू कोणी बाहेरून हातोडी मारतंय. खरं सांगतो, मला ओरडायचं होतं, पण मी ओरडलो नाही.

"बंद करा!" मॅनेजर किंचाळला. पट्टा सोडून तो कॅप्टनच्या खांद्यावर पडला. "बंद करा! त्यात रॉकेल आहे! बंद करा!"

इंजिनं थांबली. आजीने विचारलं, "आली का मुंबई?"

जबाब तिथेच, पट्टीच्या कडेला, चुना मारलेल्या दगडावर बसून झाला. मॅनेजर रडत नव्हता, तो थकलेला दिसत होता.

"शेठ भाडं वाढवू देत नाहीत. वाढवलं तर लोक नागपूरच्या कंपनीकडे जातात. पेट्रोल महिन्यागणिक चढतं. दर खेपेला नुकसान. शेठ म्हणतात, कसंही करा, पण विमान उडालं पाहिजे. मोटार कंपनीत आम्ही पेट्रोलमध्ये रॉकेल घालायचो. सगळेच घालतात. गाडी चालते."

"आणि बंद पडली तर?"

"उतारू उतरून ढकलतात."

मी वर आकाशाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. पुढचा प्रश्न विचारायची गरज राहिली नाही.

कॅप्टन म्हणाला, की इंजिनं गेल्या काही खेपांपासून तापत होती, ठोकत होती. इंधनाचा रंगही फिका वाटला म्हणून त्याने विचारलं होतं. नवा माल आहे, असं मॅनेजरनी सांगितलं. जमिनीवर असलं इंधन चालून जातं, तो म्हणाला, पण उडताना पूर्ण जोर लागतो, तेव्हाच इंजिन दगा देतं, आणि तेव्हा खाली उतरायला जागा नसते.

हवालदार आला. टांगेवाला आणि एक प्रवासी पंच झाले. उघड्या पिंपांतले नमुने बाटल्यांत भरले, लाखेचं सील केलं, डबे मुद्देमालात घेतले. लाख वितळवायला काडी लागली तेव्हा पहारेकरी पुढे झाला आणि माझ्या हातातली आगपेटी काढून घेत म्हणाला, "साहेब, ते तिकडं लांब, मी करतो." सगळे हसले. मीही हसलो.

मालकाचं काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. नंतर मी अमरावतीला जाऊन शेठचा जबाब घेतला. गादीवर बसून ते म्हणाले, "ठाणेदारसाहेब, रॉकेल घाला असं मी कधी म्हटलं? मी एवढंच म्हटलं, कसंही करा." वकिलाने मान हलवली. ते खरंच होतं. "कसंही करा" म्हणणं हा कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. शिक्षा मॅनेजरला झाली. कंपनी पुढच्या पावसाळ्याच्या आत बुडाली, आणि नागपूरची कंपनी तिच्या मागोमाग.

पण त्या सकाळी अजून एक गोष्ट बाकी होती. मॅनेजरला हवालदाराच्या ताब्यात दिलं, आणि कॅप्टनने टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या. गोदामातली सीलबंद पिंपं सर्वांसमोर फोडली, मऊ कातड्याच्या गाळणीतून पेट्रोल गाळून भरलं. मी थेंब तळहातावर घेतला, फुंकर मारली, डाग न ठेवता उडून गेला. मी ऐटीत जाहीर केलं, "आता बसायला हरकत नाही."

कोणी हललं नाही.

आजी टोपली घेऊन उठली. शिडीपाशी आली, थांबली, आणि माझ्याकडे वळली. "मघाशी त्या मानसाले तुमी म्हटलं, चांगलं असन तर बस. मंग आता तुमी बसा. ठाणेदार बसन तर आमी बसतो."

"अहो आजी, माझं काम झालं. मला ठाण्यावर..."

"तिकीट काढलं ना तुमी?"

तिकीट काढलं होतं. ते खिशात होतं. बाकीचे प्रवासी माझ्याकडे पाहत होते. त्यांना कायदा नको होता, पंचनामा नको होता. त्यांना एवढंच पाहायचं होतं की सांगणारा स्वतः बसतो की नाही.

मी बसलो.

इंजिनं गुरगुरली, ठक ठक नव्हती, तरी मी प्रत्येक क्षणी ती ऐकत होतो. अकोल्याची काळी शेतं खाली सरकली, मग तिरकी झाली. मी खुर्चीचे दांडे धरले होते.

आजीने एक संत्रं सोललं. "घ्या, खावा. भेव वाटून राहिलं काय?"

"नाही."

"मंग डोये कायले मिटले?"

उशीर झाला तरी मुंबईत आम्ही संध्याकाळच्या आत पोचलो. मुलाला भेटायला ती गेली आणि मी परतीच्या आगगाडीच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो. नंतर डीएसपी साहेबांनी लेखी खुलासा मागितला: मैदानावर पाऊल ठेवू नका असं सांगूनही आपण मुंबईत काय करत होता? मी लिहिलं: प्रवासी म्हणून गेलो. विमानाच्या भाड्याचा भत्ता मागितला, तर तो ठाणेदाराच्या दर्जाला बसत नाही म्हणून नामंजूर झाला.

नोकरीत मी बऱ्याच चौकश्या केल्या, त्यातली ही सर्वांत यशस्वी म्हणून माझ्या सेवापुस्तकात नोंदलेली आहे. मला ती तशी वाटत नाही. मॅनेजरने दुसऱ्यांच्या जिवावर धंदा चालवला आणि मी त्याला गळवायला त्याच प्रवाशांच्या जिवावर जुगार खेळलो. तो आधी ओरडला, एवढाच आमच्यातला फरक. त्यानंतर कोणी मला म्हटलं, हे स्वस्त आहे, सुरक्षित आहे, डोळे मिटून घ्या, की मी एकच विचारतो: तुम्ही बसता का?

आणि तो बसला, तरी त्याचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही पाहून घेतो.